मागे घेणं

पहाटेचे सहा. एल्कटनच्या धक्क्यावर धुकं
आणि ट्वायला ऑक्सेंडर थर्मासचं झाकण दातांनी उघडतेय.
"आधी बूच," ती म्हणते.
रामराम नाही, थंडीची विचारपूस नाही.
नावेच्या बुडाशी अंगठ्याएवढं भोक,
दर मोसमात ते विसरणारा एक तरी निघतोच,
पन्नास फुटांवर घोटाभर पाण्यात बसलेला,
आणि काठावरचे सगळे शहाणे टाळ्या पिटत.

मी वाकते, बूच बसवते.
पुन्हा वाकते, पुन्हा पिळते.

मग पट्टे सोडायचे. पण विंचची कडी नाही, इतक्यात नाही.
ओल्या उतारावर कडी निघाली की
नाव कुणासाठी थांबत नाही,
घसरते आणि काँक्रीटवर कपाळ फोडून घेते.
आधी नाकाचा दोर हातात, मग कडी, तीही पाण्यात.
"दोर कुणाच्या हातात?"
"तुझ्या. आणखी कुणाच्या!"

ट्रेलर मागे घेणं मात्र मला येतं.
एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस हाकली,
चिखलात, बर्फात, बेचाळीस पोरांच्या गलक्यात
आरशात बघून मागे घेतली.
आसापर्यंत पाणी. ब्रेक.
नाव अलगद उचलली गेली,
सीटवर झोपलेलं पोर
आईनं खांद्यावर घ्यावं तशी.
ट्वायला काही बोलली नाही. तिचं कौतुक असंच असतं.

वल्ह्यांवर बसल्यावर कळलं, इथे तोंड पुढे.
तळ्यात माणूस पाठ करून जातो,
अम्पक्वाला पाठ दाखवायची नाही.
पुढे न्यायचं काम तिचं.
आपण फक्त मागे ओढायचं,
तिच्याहून जरा हळू व्हायचं.
"ज्याची भीती वाटते त्याच्याकडे नाक कर,
थोडं तिरकं. आणि ओढ."

पहिला खडक आला आणि मी ढकललं.
भीतीनं. पुढे.
नाव आडवी झाली, खडकावर टेकली,
माझं सगळं अंग खडकापासून पळायला निघालं.
"खडकाकडे! खडकाकडे झुक!"
उलटं वाटतं ते. जिथे आपटलो त्याच्याच गळ्यात पडायचं.
पण झुकले, आणि वरच्या अंगाची कड
पाण्याखाली जाता जाता राहिली.
नदीनं आम्हाला सोललं, सोडलं.
लाइफ जॅकेटच्या आत हृदय
बादलीत टाकलेल्या माशासारखं.

खालच्या संथ डोहात तिनं नांगर टाकला.
"इथे चालतं," म्हणाली. "जोराच्या धारेत कधीच नाही."
मग फ्लायची पेटी उघडून बराच वेळ
जांभळी पिसं लावत बसली.
वेंडेलनं टाकला होता. तिचा भाऊ. वरच्या वळणावर,
मासा चांगला लागत होता म्हणून.
नांगर फटीत अडकला, धारेनं मागची बाजू खाली दाबली.
चाकू होता त्याच्याकडे.
रेनकोटच्या आत, स्वेटरच्या आत, पँटच्या खिशात.

तिचा चाकू बैठकीला बाहेरून बांधलेला आहे,
लाल दोरीनं, उजव्या हाताशी.
मी सकाळी विचारणार होते तो कशासाठी.

"पाण्यात राहून माशाशी वैर खुशाल कर," ती म्हणाली,
"पाण्याशी नको."
आणि गळ टाकला.

दोन स्टीलहेड लागले, दोन्ही तिला, दोन्ही सोडले.
मला एक फांदी.
पुढच्या वळणावर आल्डर आडवा पडला होता,
फांद्यांची चाळण, पाणी आरपार, माणूस नाही.
या वेळी लांबूनच नाक त्याच्याकडे केलं.
ओढलं. ओढलं. पाठ मोडेस्तोवर ओढलं.
झाड जवळ यायचं थांबलं,
मग बाजूनं, एकेक पान दाखवत, मागे गेलं.
ट्वायला तेव्हा सँडविच खात होती.
तिनं खाणं थांबवलं नाही, हे मी पाहिलं.

संध्याकाळी ट्रेलरवर बूच काढलं.
दिवसभराचं पाणी कपभर निघालं,
त्यात एक पिवळं पान.
"उद्या," ती पिकअपचं दार आपटत म्हणाली,
"बुचाचं मी सांगणार नाही."