तीन दहा, डावी

दवाखान्यातल्या पट्टीवर तुझं नाव आहे
बेबी ऑफ शाल्मली.
म्हणजे सध्या मी तुझं आडनाव.
तिसऱ्या दिवशीच पट्टी सैल झाली,
मनगट तिच्यातून निसटू लागलं.
आधी वजन उतरतंच, डॉक्टर म्हणाल्या.
तरी कापवत नाही.

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
ओहोटी लागली की खाडीचा वास
जाळीतून आत शिरतो,
शेपा-ओव्याच्या धुरीत मिसळतो
आणि बाळंतिणीच्या खोलीचाच होऊन जातो.

सकाळी दिवागावातून गोमाबाय येते.
पाय पसरून तुला पालथं घेते.
तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी.
तू किंचाळतेस,
मी मोरीच्या दाराशी रडते.
'आगो, रडूं दे. रडली त छाती भरल.'
कोणाची, ते सांगत नाही.

सहाव्या रात्री आईने सटवाई मांडली.
घरात पाटा नाही,
मिक्सरचं भांडं उपडं घातलं, त्यालाच हळदकुंकू.
कणकेचा दिवा. उशाखाली भाजीची सुरी.
आणि निखिलेशच्या प्रिंटरमधून काढलेला
एक कोरा कागद.
'रात्री येऊन लिहिते ती,' आई म्हणाली.
'आपण बघायचं नसतं.
बघितलं तरी वाचता येत नाही.'
आई बँकेत कॅशियर होती, चौतीस वर्षं.
सटवाईसाठी ठेवायचं पेन
तिने आधी तळहातावर ओढून पाहिलं, चालतंय का.

दिवा जागवायला म्हणून बसली
आणि अकरालाच घोरू लागली.

मग तू.
मग मी.
मग पुन्हा तू.
खाली नाइट शिफ्टची गाडी थांबली.
एक मुलगी उतरली, गळ्यात अजून ओळखपत्र,
तिने वर पाहिलं,
उजेड आमच्याच खिडकीत होता.
वाटलं, हात करावा.
हात मोकळा नव्हता.

लिहून ठेवा, डॉक्टरांनी बजावलं होतं,
कधी पाजलं, कुठल्या बाजूला, शू किती वेळा.
वही बाहेरच्या खोलीत.
तू कशीबशी तोंडात धरलेलं,
सुटलं की सगळं पहिल्यापासून.
चाचपडताना हाताला लागला
तो कागद.

सकाळी आई चष्मा लावून उभी.
तिरक्या, एकमेकींवर चढलेल्या ओळी:
एक वीस, उजवी.
तीन दहा, डावी.
शू. पिवळी? दिव्यात कळत नाही.
चार पाच, उजवी, मध्येच झोपली.
चार पन्नास
आणि पुढे नुसती एक रेघ
घसरत घसरत कागदाबाहेर गेलेली.
तिथे मी झोपले असणार.

मला वाटलं, आता बोलणार.
तिने बोट ठेवून दोनदा वाचलं,
रोकड जुळवावी तसं.
'तीन दहाला उजवी होती. मी जागी होते.'
'नव्हतीस.'
तिने पुढे वाद घातला नाही.
कागदाची चौघडी केली
आणि देवाच्या डब्यात, अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवली,
जणू हस्ताक्षर ओळखीचं नव्हतंच.

आज तेविसावा दिवस.
पट्टी रात्री आपली आपणच गळली,
सकाळी दुपट्यात सापडली.
बारसं सव्वा महिन्यावर ढकललंय,
फ्रिजवरच्या यादीत निखिलेश रोज एक नाव वाढवतो,
मी दोन खोडते.
तू बिनपट्टीची, बिननावाची,
मुठी आवळून झोपलेली.

दवाखान्यात काट्यावर ठेवलं.
जन्माचं वजन भरून आलं, वर चाळीस ग्रॅम.
रिक्षात मी आईला म्हटलं,
चाळीस ग्रॅम म्हणजे गं किती?
घरी आल्यावर, चपलाही न काढता,
ती आत गेली,
डब्यातून चार खारका आणून
माझ्या हातावर ठेवल्या.
'एवढं.'

मी बराच वेळ हात तसाच धरून बसले.
मग त्यातली एक खाल्ली.