जकातीचा माणूस

एकतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
मी लोकांच्या पेट्या उघडल्या.
कॉफीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
तळाशी काय आहे ते बोटांनी वाचलं.
शिक्का खरा की काल रात्री कोरलेला,
शाईच्या वासावरून कळायचं मला.

तरी गेल्या वर्षी फसलो.
गुळगुळीत माणूस, त्याहून गुळगुळीत कागद.
आगाऊ रक्कम घेऊन त्यानं ओट्याखाली जी फळी बसवली
ती पहिल्याच हिवाळ्यात फुगली, भिजल्या पावासारखी.
त्याचा फोन अजून वाजतो. उचलत कुणी नाही.
म्हणून आता ताकही फुंकून पितो.

तर ही आली, नेरीना कोसुता,
बूट दारातच काढून, न सांगता.
(हे बरं. पण मोजे दोन रंगांचे:
तेही मी वहीत लिहून ठेवलं.)

टेबलावर तिनं कागद पसरले:
उदीनेच्या रात्रशाळेची पदविका,
विम्याची पावती,
सात घरांचे फोटो.
मी भिंग काढलं.
सहा घरं अशी, की त्यांत
कधी कुणी कांदाच चिरला नसावा.
सातव्यात, कोपऱ्यात, रेडिएटरच्या वरच्या दांडीवर
एका लहान मुलाचा पायमोजा.
"हा काढायचा राहिला?"
"नाही. तो तिथेच वाळतो.
त्याच्यासाठीच तर ती दांडी."

मग मी बोट ठेवलं:
"दोन हजार नऊ ते अकरा. इथे कोरं आहे."
जकातीत कोरी जागा म्हणजे माल असतो.
"फरश्या घासत होते," ती म्हणाली,
"मोनफाल्कोनेत, रोजावर.
लिहिलं की लोक भाव पाडतात."
त्या ओळीपुढे मी खूण केली.
कसली, ते मलाच ठरवता येईना.

जुन्या गिऱ्हाइकांची तीन नावं तिनं दिली.
मी म्हटलं, ही गोड नावं राहू देत,
ज्याच्याशी भांडलात त्याचं द्या.
ती थांबली. पेनाचं टोपण दोनदा लावलं, काढलं,
आणि चौथा नंबर लिहिला.

रात्री फोनवर म्हातारे पेर्तोत, वरच्या ओपिचिनातले.
काम कसं झालं, असं मी विचारत नाही.
विचारलं, "चौथ्या वर्षी काय निखळलं?"
ते बराच वेळ खोकले.
"बाई हट्टी आहे. मला समुद्राकडे
भिंतभर काच हवी होती.
म्हणाली, बोरा वारा आत येईल
आणि तुमच्या शेजारी झोपेल.
मी ओरडलो. तिनं काम अर्धं टाकलं,
उरलेले पैसे परत केले, शेवटच्या सेंटापर्यंत.
काच मी दुसऱ्याकडून बसवून घेतली."
"मग?"
"मग काय. टोपी घालून झोपतो."

गुरुवारी ती परत आली,
टेप आणि पतंगी कागदाची एक पट्टी घेऊन.
पट्टी माझ्या खिडकीच्या फटीशी धरली.
खिडकी बंद होती; पट्टी फडफडत राहिली.
मग तिनं स्वतःची वही उघडली:
"आता माझे प्रश्न.
पहाटे उठल्यावर कुठला दिवा लावता?
गुडघा कुठला दुखतो?
ती दुसरी खुर्ची कुणाची?"

न्हाणीघरातला, मी म्हटलं. डावा.

तिसऱ्याच्या वेळी
खाली बंदरात क्रेनचा कर्कश आवाज चालू होता,
मी तो ऐकत राहिलो, जणू माझंच काम आहे.
तिनं वहीत तेवढी ओळ कोरी सोडली
आणि टेप ओढून
खुर्चीभोवतीची जागा मोजली, चारही बाजूंनी,
खुर्ची न हलवता.

कोरी जागा म्हणजे माल, हे तिलाही ठाऊक असणार.
पेटी उघडा, असं ती म्हणाली नाही.

मी मोज्यांची ओळ खोडली.
करार दोनदा वाचला, उजेडाकडे धरून एकदा.
सही केली.
आगाऊ रक्कम मात्र
तीस टक्केच.