सात मुठी

चौबाऱ्यापासून तिसरं दुकान, जलीलभाईंचं, चष्म्याचं.
नऊला मी शटर उचलते.
दहाला ते येतात, त्याच गल्लीनं,
अकराला वह्या घेऊन दस्तगीर, त्याच गल्लीनं.
गुरूच्या अडीच फेऱ्या झाल्या ह्याला.
वाटेत आमची कधी गाठ पडली नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी जाड काच घासायला घेतली.
पूड, पाणी, गोल फिरणारा हात,
तेरा आठवडे.
रुपयाच्या जाडीहूनही कमी खोल झाली काच,
तेवढ्यात गुरू मावला, चार चंद्रांसकट.

मग म्हणाले, गंमत नळीत नाही.
हात लांब कर. मूठ आवळ. एक मूठ, दहा अंश.
गुरूपासून उगवतीकडं सहा मोज.
स्वतःच अडखळले:
सहा सूर्याच्या घरून,
आपल्या गच्चीवरून सात पडतात.

तिथं दगडांचा एक जथा चालतो, त्याच्या पुढं.
मावळतीकडं दुसरा, मागं.
वाट त्याचीच, बारा वर्षांचं वर्षही त्याचंच.
एवढा ओढणारा, पण ह्यांना गिळत नाही,
हेही सुटून जात नाहीत,
डुलतात तिथल्या तिथं,
दावं लांब सोडलेल्या देवणी वासरागत.
आणि बघ, पुढचे असून नंतर उगवतात.

नावं दिलीत कुठल्या परमुलखातल्या लढाईची,
दोन बाजूंच्या दोन छावण्या.
एक गडी चुकून शत्रूच्या छावणीत पडला,
अजून तिथंच आहे.
किल्ल्याकडं बघून हसले.

मला नुसतं काळं दिसलं.
'दिसायचे नाहीत, ह्या काचेला झेपत नाहीत.
पण मोजता येतात.'

आता काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.
काच घासणाऱ्याला रोगही काचेचाच,
हे त्यांनीच सांगितलं, चहा ओतता ओतता, बशीबाहेर.

परवा गच्चीवर विचारलं, गुरू कुठंय?
मी त्यांचा हात धरून रोखला.
तिथून एकटे निघाले,
मुठीला लागून मूठ,
सातव्या मुठीला थांबले.
'दिसायलंय का काही?'
'नाही.'
'मलाबी,' म्हणाले, खूश झाले.

त्यांना धरून नेलेलं चालत नाही.
मी तासभर आधी निघते,
गल्लीत आडवी लावलेली सायकल,
कुणाची बाज, कुणाची घागर
भिंतीकडं सरकवत.