इतिवृत्तातली बारा मिनिटं

सव्वीस वर्षं मी या समितीचं इतिवृत्त लिहिते.
कोण काय बोललं, तेवढंच.
कोण खोकलं, कुणी पेन आपटलं, ते नाही.

नॉर्थ डकोटातला फेब्रुवारी, बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या फटीतून साखर कारखान्याचा वास,
उकडलेल्या बीटाचा, मातकट,
गावात त्याला सगळे पैशाचा वास म्हणतात.

विषय क्रमांक चार : अपील.
मारित डालसेंग, तिसरं वर्ष.
सांकेतिक भाषेचे चार अभ्यासक्रम, सोळा क्रेडिट,
सामान्य शिक्षणातल्या ‘परभाषा’ या रकान्यात धरावेत, ही विनंती.
पूर्वीचा निर्णय : नाही.
कारण : या भाषेला लिपी नाही, वाङ्मय नाही,
आणि ती बोलणारा देश नकाशावर नाही.
ते कारण मीच टाइप केलं होतं.
तेव्हा काही खटकलं नव्हतं.

डॉ. ओस्गार्ड म्हणाले, नियम म्हणजे नियम.
लॅटिन मात्र चालते, जी कुणाच्याच घरात बोलत नाहीत,
हे ते म्हणाले नाहीत. मी म्हटलं, मनात,
म्हणून इतिवृत्तात नाही.

एकानं विचारलं, वडील बहिरे,
मग ही तुला परकी कशी? घरचीच की.
दुसऱ्यानं विचारलं, पण हिला भाषा तरी का म्हणायचं?
इकडे आड, तिकडे विहीर,
मधे ही पोरगी, बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ.

ती म्हणाली,
बाबा कारखान्यात बीट कापायच्या यंत्रावर आहेत.
त्या आवाजात सगळेच बहिरे,
बोलता येतं ते फक्त माझ्या बाबांना.
चौघांनी त्यांच्याकडून शिकून घेतलंय,
थांब, बोटं सांभाळ, डबा खाल्लास का.
घरीही आमच्याकडे तेवढंच होतं. थांब, जेव, झोप.
रागवायला खुणा होत्या.
राग का आला, याला नव्हत्या.
त्या मी इथं शिकले, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर.
बाबांना मी शिकवल्या.

मग वाङ्मयाचं विचारलं,
तेव्हा ती उठली.
दुभाषा बोलवावा हे कुणालाच सुचलं नव्हतं.
बारा मिनिटं तिचे हात.

मला अक्षर कळलं नाही.
नदी होती बहुधा, गोठलेली,
मग गोठलेली नव्हती.
पलीकडच्या काठावर कुणीतरी होतं,
पंजा उघडला, मिटला,
आणि ते तिथं राहिलं नाही.
ओस्गार्ड घड्याळाकडे बघायचे थांबले होते.
मी कीबोर्डवर हात टेकले,
दोन्ही अर्थांनी.

मतदान : चार विरुद्ध तीन. अपील फेटाळलं.
क्रेडिट मोजली जातील,
पण कुठल्याच रकान्यात गणली जाणार नाहीत.
तिनं मान हलवली.
पटलं अशी नाही. ऐकलं अशी.

खाली गाडीपाशी वडील उभे होते.
उणे एकतीसमध्ये इथं कुणी किल्लीसाठीही
हातमोजे काढत नाही.
दोघांनी काढले.
बोटं लाल होईपर्यंत बोलले.
मधेच त्यांनी तिचे हात आपल्या काखेत दाबून धरले,
ऊब द्यायला,
म्हणजे तेवढा वेळ तिचं तोंड बंद.
मग सोडले. मग पुन्हा वाद.

मी वर आले आणि लिहिलं :
‘११.१० ते ११.२२, विद्यार्थिनी बोलली.’

मार्चमध्ये ओस्गार्ड म्हणाले,
इथं ‘प्रात्यक्षिक दाखवलं’ असं हवं.
दुरुस्तीला अनुमोदन मागितलं.
रेडिएटर ठकठकला.
कुणी हात वर केला नाही.

उन्हाळ्यात मारितनं स्पॅनिश घेतलं. मार्क बेताचे.
निकाल माझ्याच टेबलावरून गेला, रकाना भरला.
जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, आता मला
स्टेशन कुठं आहे ते विचारता येतं,
आणि पाणी मागता येतं.