सहापर्यंत

अंधार विरघळला की उठते मी.
हिवाळ्यात आयर्लंडच्या या पश्चिम टोकाला
साडेआठ वाजतात त्याला.
टाचेनं बादलीतला बर्फ फोडायचा,
वाफाळती लीद हातगाडीत भरायची.
गाडीचं एकुलतं चाक कुरकुरतं, मुद्दामच तेल घालत नाही;
त्या आवाजावरून पेगीनला कळतं, मी आले.

पेगीन सव्वीस वर्षांची.
डावा डोळा दुधाळ. गेल्या मार्चपासून
त्या बाजूला जगच नाही तिला.
तिच्या सोबतीला बॅरल, नावासारखाच गरगरीत,
गडग्यापलीकडचं तेवढंच गवत खरं मानणारा.

शनिवारी मुलं येतात.
ईफाला सगळं आधीच माहीत असतं.
डोनल आणि फियाक्रा जुळे,
खरारे दोन असले तरी एकाच खराऱ्यावरून भांडणारे.
मी तेच ते सांगते:
तळहात सपाट, अंगठा आत,
घोड्याला अंगठा आणि गाजर यांत फरक करता येत नाही.
खूर उचलायचा तर तोंड शेपटीकडे.
मागे उभं राहायचं नाही. कधीच नाही.
आणि पेगीनच्या डाव्या अंगानं जाताना बोलत जायचं,
काय वाटेल ते. हळू आवाजात शिव्यासुद्धा चालतील.
(शिव्यांवर जुळे फार खूश. महिनाभर
पेगीननं जे ऐकलं ते पाद्र्यानं ऐकू नये.)

ओस्ताप आला तो खाडीवरच्या हॉटेलातून,
जिथे लढाईपासून निघालेली माणसं ठेवली होती.
अंगात कुणाचं तरी नारिंगी जाकीट, बाह्या तीनदा दुमडलेल्या.
तीन शनिवार गडग्यावर बसून राहिला.
ना हूं ना चूं.
चौथ्या शनिवारी उतरला, ब्रश घेतला
आणि थेट डाव्या बाजूला निघाला.
मी ओरडणार, तोंड उघडलंच होतं,
तेवढ्यात त्याच्या गळ्यातून जुन्या घड्याळासारखं काहीतरी:
ओदिन. द्वा. त्री. चोतिरी. प्यात. शिस्त.
पेगीनचा कान वळला.
कातडी एकदा थरथरली, मग शांत.

काय सांगितलंस तिला? ईफानं दरडावून विचारलं.
त्यानं बोटं दाखवली. एक, दोन.
पावलं मोजत होता. खांद्यापासून शेपटीपर्यंत सहा.
सातवं मागे पडतं,
आणि मागे उभं राहायचं नाही.

मग सगळ्यांनीच मोजलं.
जुळ्यांनी शिव्या सोडल्या, निदान तिच्यापुरत्या.
पावसात भिजलेल्या वाळक्या गवताच्या वासात
पोरं त्याच्या भाषेत चालत राहिली,
सहा पावलं जात, सहा येत.

ईस्टरनंतर हॉटेल पर्यटकांसाठी रिकामं करायचं ठरलं.
बस आली, गेली. कुठल्या गावाला, दोन वेगवेगळी नावं ऐकली.
ब्रश त्यानं खिळ्याला नीट टांगला होता.
एक हातमोजा राहिला,
तो बॅरलनं अर्धा खाल्ला;
पुढचे दोन दिवस मी त्याच्या लिदीत लोकर शोधत होते.

आता पेगीनचा उजवा डोळाही
कडेनं पांढुरका होतोय.
डॉक्टर बाई म्हणाल्या, वय आहे, सवय होईल तिला.
तिला होईलही.
पण आता त्या अंगालाही मोजत जायला हवं,
आणि ते सातपासून सुरू होतं.

आपल्या भाषेतला सात म्हणून पाहिला.
तिनं कान पाडले.
ईफाला विचारलं, जिला सगळं माहीत असतं;
ती बुटानं चिखल टोकरत राहिली.

तेव्हा रोज सकाळी साडेआठला
शेपटीपाशी येऊन माझं घोडं अडतं.
मी तिच्या पाठीवर हात ठेवते, दूरनं वळसा घालते,
पुन्हा ओदिनपासून सुरू करते.
ती मान वळवते, दोन्ही कान माझ्याकडे,
सहा झाल्यावरही
जरा वेळ तशीच.