वीस लिटर

टाकी जमिनीवरून उचलायची नाही.
कठड्यावर ठेवायची, तिच्याकडे पाठ करायची,
गुडघे वाकवून हात पट्ट्यांत घालायचे.
नजीर तडवीनं करून दाखवलं, बोलला एवढंच:
"वजन खांद्याले नको देऊ भो, कमरेले दे.
खांदे रडके असतात."

कमरेचा पट्टा आधी. हाडावर, पोटावर नाही.
मग खांद्यांचे, दोन बोटं जातील इतके सैल.
छातीचा शेवटी.

रावेरला केळीवर फवारायचो
तेव्हा पट्टा म्हणजे सुतळी,
आणि औषध पाठीवर गळायचं.
आता नुसतं पाणी, डाग न ठेवणारं.
तरी वास येतो कधी कधी.

जळगाव, रिंग रोड, मे महिना, साडेबारा.
सराफाचा दुसरा मजला. सज्जा तापलाय,
पाठ तेवढी गार.
टाकी अर्धी झाली की पाणी हलायला लागतं.
मी वळतो, ते जरा उशिरा वळतं,
पाठंगुळी झोपलेल्या पोरासारखं.

काचेपलीकडे एक बाई हार घालून बघतेय,
मान जरा डावीकडे, मग उजवीकडे.
ब्रश थांबवून विचारावंसं वाटलं,
टोचत नाही ना कुठं?