अर्धी गोळी

माझा बाप, मॉसी फेलन, काच कापायचा.
वॉटरफर्डात सगळे तिला क्रिस्टल म्हणत
आणि तिच्यात स्फटिक एकही नव्हता.
काच म्हणजे घाईत गोठलेली गर्दी,
रांग लावायला वेळच मिळाला नाही कुणाला.
हे मला कॉलेजात कळलं. घरी बोलले नाही.
त्या एका शब्दावर आमचं घर चाललं होतं
तेहेतीस वर्षं.

भट्ट्या विझल्या. मी नदीपलीकडे लागले,
गोळ्यांच्या कारखान्यात.
नदी नावाची शूर,
भरती आली की मागे फिरते.

नोव्हेंबरात एक माल आला.
कागदावर अगदी स्थळ सांगून आल्यासारखा:
रेणू तोच, शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक आठ,
ओल बेताची, रंग पांढरा, वास नाही.
मशीन सुरू झालं आणि फिन्टन ओरडला,
"नुआला, ह्या टोप्या उडवतायत!"

खरंच. दाबातून सुटली की गोळी श्वास सोडायची
आणि वरची चकती अलगद बाजूला,
उकडलेल्या अंड्याचं टोक काढावं तशी.
दाब वाढवला, जास्त उडाल्या.
कमी केला, तर नखानं भुगा.
हॉपरच्या पोटात भुकटीची कमान,
खाली पोकळी, वर साठ किलो माल निवांत.
फिन्टन रबरी हातोडीनं बडवत राहिला,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याला बडवावं तसा.
म्हणाला, "वंगण अजून थोडा वेळ घोळवू या का?"
नको.
दोन मिनिटांत दाणे सुळसुळतात,
दहा मिनिटांत सगळ्यांवर ओशट पांघरूण,
मग कुणी कुणाला धरत नाही.

चिमूटभर काचपट्टीवर घेतली.
सूक्ष्मदर्शकाखाली सुया.
आधीचा माल ठोकळ्यांचा असायचा, खडीसाखरेसारखा,
गडगडत यायचा.
ह्या एकमेकींच्या केसांत बोटं अडकवून बसलेल्या,
मधल्या फटींत हवा कोंडलेली,
आणि निसटताना तीच हवा टोपी घेऊन जाते.
(हे अर्धंच खरं. उरलेला अंगचा आडमुठेपणा:
आतले थर पत्त्यांसारखे घसरले तर स्फटिक नमतो,
नाहीतर ताठ राहतो, आणि संधी मिळताच उसळतो.)

मापननळी भरली. पाचशे ठोके.
शंभरावरची रेघ पासष्टावर आली.

बिल्बाओला फोन लावला. माइते म्हणाली,
"काहीच बदललेलं नाही."
मग जरा थांबून,
"टाकी नवीन आहे. थंड थोडी लवकर होते."

थोडी लवकर.
कुठल्यातरी टाकीत तासाभराची घाई,
रेणू जिथे जागा मिळेल तिथे, एकाच दिशेनं धावले,
आणि हजार मैलांवर फिन्टनच्या लेकीच्या वाढदिवसाला
फिन्टन नव्हता.
सहाशे किलो शुद्ध औषध
निव्वळ आकारापायी परत गेलं.
जो खोकी मोजायला आला तो म्हणाला,
"ह्यात खराब काय आहे?"
मी बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली.
तो हसला, सही केली.

रविवारी बापाकडे गेले.
त्याला हृदयाची गोळी, सकाळी अर्धी.
आमची असेल, नसेल, मी पाकीट पाहत नाही.
त्यानं ती आधी खिडकीच्या उजेडात धरली,
सवय.
पलीकडचं काहीच दिसत नाही तिच्यातून.
अंगठ्यांवरचे जुने काप रेघेला लावले,
हात थरथरत होते, रेघेवर येताच थांबले.
टक्.
भुगा नाही, कपचा नाही, दोनच तुकडे.

मला वाटलं, आता विचारेल
आम्ही हे कसं जमवतो ते.
सांगायला सुयांपासून सुरुवात करावी लागली असती,
मग ठोकळे, मग रांग,
मग रांग नसलेल्यांचं काय, तेही आलंच असतं.

त्यानं दोन्ही तुकडे तळहातावर तोलले.
"हा अर्धा मोठाय," म्हणाला,
आणि मोठा उद्यासाठी ठेवला.